ज्या हातात काठी धरायची तोच हात नसेल तेव्हा : प्लॅटफॉर्म कुबडीचे परीक्षण

पाय कापावा लागलेल्या माणसाने काठी कोणत्या हातात धरावी, याचे उत्तर फिजिओथेरपीत ठरलेले आहे: गेलेल्या पायाच्या विरुद्ध हातात. डावा पाय गेला असेल, तर काठी उजव्या हातात. चालताना कृत्रिम पायावर भार येतो, तेव्हा त्या बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना कंबर तोलून धरावी लागते. विरुद्ध हाताने काठीवर दिलेला दाब खुब्यापासून लांब असतो, म्हणून तो थोडा असला तरी त्या स्नायूंचे बरेच काम हलके करतो. शिवाय हात आणि पाय आळीपाळीने पुढे येण्याची नैसर्गिक लयही टिकते. पण विजेच्या धक्क्याने जखमी झालेल्यांच्या बाबतीत हा नियम काही वेळा अडतो. जोराचा धक्का बसतो तेव्हा प्रवाह बहुधा हातातून शरीरात शिरतो आणि पायावाटे जमिनीत जातो. दोन्ही ठिकाणचे स्नायू आणि रक्तवाहिन्या आतून जळतात, आणि कधी कधी एकाच माणसाला हात आणि पाय दोन्ही गमवावे लागतात. शेतीपंपाच्या स्टार्टरपाशी ओल्या जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हा धोका रोजचा आहे. माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात कोपराखाली आणि डावा पाय गुडघ्याखाली असाच गेला. डाव्या पायाला आधार हवा होता उजव्या हाताचा, आणि पंजा गेलेला हातही तोच. त्याच्यासाठी आम्ही जी प्लॅटफॉर्म कुबडी घेतली, तिच्यात जे बदल करून घेतले आणि घरात, शेतात, प्रवासात ती कशी ठरली, ते येथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा खरेदीसाठी निघालेल्या कुटुंबाला दुकानात नेमका सल्ला फारच क्वचित मिळतो.

आम्हाला दुकानात पहिला सल्ला मिळाला तो काखेत धरायच्या कुबडीचा. काखेतल्या गादीवर भार येतो, त्यामुळे हात नसला तरी चालते, अशी समजूत बरीच पसरलेली आहे आणि ती धोक्याची आहे. काखेतल्या कुबडीचा भारसुद्धा तळहातानेच मुठीवर घ्यायचा असतो. वरची गादी छातीच्या बाजूला टेकून कुबडी स्थिर ठेवते, एवढेच तिचे काम. म्हणूनच ती नीट बसवलेली असेल, तर काख आणि गादी यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहते. ज्याला मूठ धरता येत नाही तो माणूस नाइलाजाने काखेवर लोंबकळतो, काखेतून जाणाऱ्या मज्जातंतूंवर सतत दाब येतो, आणि उरलेल्या हातातली ताकदही कमी होऊ लागते. ज्याचा एक हात आधीच अर्धा गेला आहे, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. पंजा नसलेल्या बाजूला काखेतली कुबडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एल्बो कुबडी, म्हणजे कोपराखाली कडे आणि पुढे मूठ असलेली, हीदेखील त्या बाजूला निरुपयोगीच, कारण तिचाही सगळा भार मुठीवर असतो. राहते ती प्लॅटफॉर्म कुबडी. काही दुकानांत तिला गटर क्रच म्हणतात. हिच्यात उभ्या नळीच्या माथ्यावर एक आडवी पन्हळ असते. कोपर काटकोनात वाकवून कोपरापुढचा हात त्या पन्हळीत ठेवायचा, पट्ट्याने बांधायचा आणि पुढची उभी मूठ पंजाने धरायची. भार मनगटावर न येता कोपर ते मनगट या सगळ्या लांबीवर पसरतो. ही रचना मुख्यतः संधिवाताच्या रुग्णांसाठी आहे. त्यांची मनगटे आणि बोटे दुखरी असतात, पण हात पूर्ण असतो. दुकानात मिळणाऱ्या या कुबडीच्या जवळजवळ सगळ्या उणिवा याच गोष्टीतून येतात. पुढे मूठ आहे आणि ती धरणारा पंजा आहे, असे गृहीत धरूनच ती बनवलेली असते.

तरीही सांगाडा म्हणून ती चांगली वस्तू आहे. आम्ही घेतलेल्या कुबडीची नळी ॲल्युमिनियमची आहे, उंची कमी-जास्त करायला भोके आणि खटका आहे, आणि खटक्यावर आवळायचे कडे आहे. हे कडे नसेल, तर नळी प्रत्येक पावलाला किंचित हलते, टकटक आवाज करते आणि चालणाऱ्याचा विश्वास कमी होतो. म्हणून विकत घेताना नळी दोन्ही टोकांना धरून हलवून पाहावी. पन्हळीचा कोन बदलता येतो का आणि पन्हळ नळीवर पुढे-मागे सरकवता येते का, हेही दुकानातच पाहावे. या दोन सोयी नसलेली कुबडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण हात नसलेल्या माणसासाठी जे बदल करायचे असतात त्यांचा पाया या दोन सोयी आहेत. किंमत साध्या एल्बो कुबडीच्या कित्येक पट पडते आणि ही कुबडी बहुधा मागवून घ्यावी लागते.

आता बदलांविषयी. पंजा नसलेला हात कारखान्यातल्या पन्हळीत ठेवून भार दिला की तो पुढे घसरतो. पंजा असलेला माणूस मूठ धरून हे घसरणे थांबवतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पंजा नसेल तर हाताचे टोक पन्हळीच्या पुढच्या कडेला जाऊन आदळते. हे टोक म्हणजे सगळ्यात नाजूक जागा: तिथे शस्त्रक्रियेचा व्रण असतो, भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत रोपण केलेली पातळ त्वचा असते, आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोके दाबाला फार संवेदनशील असतात. काही जण पुढे फोमचा ठोकळा लावून घसरणे अडवतात. त्यामुळे तो सगळा दाब नेमका टोकावरच येतो, म्हणून हा उपाय मी नापसंत करते. योग्य उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही एकत्र करावे लागतात. पन्हळीचे पुढचे टोक किंचित वर उचलायचे, म्हणजे भार दिल्यावर हात पुढे न सरकता मागे कोपराकडे टेकतो. आणि पन्हळ तयार न घेता त्या माणसाच्या हाताच्या साच्यावरून करून घ्यायची, म्हणजे भार टोकावर न येता हाताच्या खालच्या मांसल भागावर पसरतो.

दुसरे काम आम्ही कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत करून घेतले, आणि या सगळ्या खर्चात सर्वाधिक उपयोगी ठरलेला खर्च तोच. पायाच्या सॉकेटसाठी, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिच्यासाठी, जसा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतात, तसाच उरलेल्या हाताचा साचा घेतला गेला. जयपूर पद्धतीच्या सॉकेटसाठी पाण्याच्या नळाला वापरतात तीच एचडीपीई या कडक प्लास्टिकची नळी तापवून साच्यावर चढवतात. तशाच नळीचा तुकडा तापवून या साच्यावर बसवला, वरची बाजू कापून उघडी ठेवली, कडा बाहेरच्या बाजूला वळवून गुळगुळीत केल्या आणि आत ईव्हीए या रबरासारख्या मऊ शीटचे अस्तर लावले. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे धक्का लागला की हातभर मुंग्या येतात, तिथून मज्जातंतू अगदी त्वचेखालून जातो. त्या जागी पन्हळीला खोलगट जागा ठेवायला सांगावे, आणि कोपराचे हाड पन्हळीच्या मागच्या कडेवर न टेकता थोडे बाहेर राहील असे पाहावे. हे न सांगता नीट करणारा तंत्रज्ञ मिळाला तर आनंदच आहे, पण आपण सांगितलेले बरे.

कारखान्याची पन्हळ आणि ही नवी पन्हळ यांच्यात वापरताना जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या पन्हळीत फोमची जाड गादी होती. ती दुकानात मऊ वाटली, पण उन्हाळ्यात घाम शोषून ओली राहू लागली आणि रोपण केलेल्या त्वचेवर पुरळ उठले. नव्या पन्हळीतले अस्तर घाम शोषत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते, आणि हातावर सुती मोजा चढवला की घामाचा प्रश्न बराच सुटतो. मोजा रोज धुवावा लागतो, म्हणून तीन-चार मोजे शिवून ठेवणे सोयीचे पडते. कुबडी काढल्यावर त्वचा रोज पाहावी. लाली पंधरा-वीस मिनिटांनंतरही गेली नाही, तर त्या जागी दाब जास्त आहे असे समजून पन्हळ दुरुस्त करून घ्यावी. भाजलेल्या त्वचेत संवेदना कमी असेल, तर दुखत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे मानता येत नाही.

नळी पन्हळीच्या खाली नेमकी कुठे यावी, याकडे दुकानदारांचे लक्ष क्वचित जाते. पूर्ण हाताचा माणूस मुठीकडे आणि कोपराकडे असा दोन्हीकडे भार वाटून देतो, त्यामुळे नळी पुढे असली तरी चालते. हात अर्धा असेल तर भार कोपराजवळ एकवटतो. नळी पुढे राहिली, तर प्रत्येक पावलाला कुबडीचा माथा मागे कलतो आणि खालचे टोक पुढे सटकू पाहते. पन्हळ सरकवून उरलेल्या हाताचा मध्य नळीच्या सरळ वर आणला की हा दोष जातो. त्यानंतरच उंची ठरवावी. माणसाला त्याच्या कृत्रिम पायावर आणि नेहमीच्या चपलांत ताठ उभे करावे, दोन्ही खांदे एका पातळीवर आहेत का हे मागून पाहावे, आणि कोपर काटकोनात असताना पन्हळ हाताला टेकली पाहिजे. कुबडी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो आणि मान दुखते. ती ठेंगणी झाली तर माणूस त्या बाजूला वाकतो आणि कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये दाब एका कडेला जातो. ही दुसरी चूक अधिक वाईट, कारण तिचे दुखणे पायात दिसते आणि दोष पायाला दिला जातो.

पट्ट्यांचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. मूठ नसल्यामुळे पाऊल टाकताना कुबडी उचलून पुढे न्यायची ती पट्ट्यांच्या जोरावरच, म्हणून पट्टे घट्ट हवेत. पण माणूस पडत असेल तेव्हा हाताला घट्ट बांधलेली लांब नळी त्या हाताला पिरगाळते, आणि पडणाऱ्या माणसाला ती झटकून टाकता येत नाही. आम्ही कारखान्याचे बकलाचे पट्टे काढून टाकले, कारण ते एका हाताने लावताही येत नव्हते आणि सोडवताही येत नव्हते. त्याऐवजी रुंद वेल्क्रोचे दोन पट्टे लावले. त्यांतला कोपराजवळचा रुंद आणि पक्का आहे, आणि पुढचा सैल आहे. दोन्हींच्या टोकांना चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून चामड्याच्या कड्या शिवून घेतल्या. त्या कडीत डाव्या हाताचे बोट घालून ओढले की पट्टा सुटतो, आणि गरज पडली तर दातांनीही ओढता येतो. वेल्क्रोत धूळ आणि धागे अडकून त्याची पकड कमी होते, म्हणून तो जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावा आणि पकड गेली की लगेच बदलावा.

खालच्या रबराविषयी बोलायला हवे, कारण खरोखर जमिनीला टेकते ते तेवढेच. रबर निवडताना नळीचा बाहेरचा व्यास जुळला पाहिजे, म्हणून जुने रबर काढून सोबत दुकानात न्यावे. चांगल्या रबराच्या आत तळाला लोखंडी चकती असते. ती नसेल, तर नळीची कड हळूहळू रबर कापत खाली उतरते आणि एक दिवस धातूच फरशीला लागतो. ओल्या शहाबादीवर आणि पॉलिश केलेल्या कोट्यावर धातू म्हणजे घसरणे नक्की. तळाच्या खाचा झिजून रबर गुळगुळीत झाले की ते बदलायचेच. शेतात वेगळा प्रश्न येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत साधे रबर रुतते, उपसताना माती घेऊन वर येते, आणि उपसण्यासाठी लावलेल्या जोराने हातावरचा पट्टा ओढला जातो. यासाठी रुंद तळाचे, किंचित वाकू शकणारे रबर मिळते. ते घेऊनही काळ्या रानात चिखल असताना या कुबडीवर चालणे मला सुरक्षित वाटत नाही. बांधावर, मुरमाच्या वाटेवर आणि सुक्या रानात ती चांगली चालते, हे मात्र मोकळेपणाने सांगते.

गावात वेल्डिंगवाला, लेथवाला आणि चप्पल शिवणारा असे तिघेही कुशल असतात आणि मदतीला तत्पर असतात. म्हणूनच कोणाकडून काय करून घ्यावे हे ठरवून ठेवणे आवश्यक आहे. अस्तर, पट्टे, कड्या, सुती मोजे आणि डाव्या हातात दुसरी कुबडी लागत असेल तर तिच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे ही सगळी कामे स्थानिक कारागिराकडे उत्तम होतात. पन्हळीचा बोल्ट बदलून कोन थोडा वाढवणे लेथवाल्याकडे होते. पण ॲल्युमिनियमच्या नळीला वेल्डिंग कधीही करू नये. ही नळी कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आसपासचा भाग पुन्हा नरम पडतो. बाहेरून जोड भक्कम दिसतो, आणि तो मोडतो तेव्हा पूर्ण भार देताना मोडतो. उंची जुळवण्यासाठी जास्तीचे भोक पाडणेही तसेच वाईट. भोकाच्या कडेला ताण एकवटतो आणि तिथून तडा सुरू होतो. उंची भोकांच्या मध्ये अडकत असेल, तर लहान-मोठ्या मापाची नळी मागवावी.

भावाला जयपूर फूट बसवला आहे. हा पाय 1960च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराच्या आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या कामातून तयार झाला, आणि 1975 साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे तो लाखो लोकांपर्यंत पोहोचला. या पायाने अनवाणी चालता येते, आणि आपल्या घरात तीच मोठी सोय आहे. पण त्यामुळे कुबडीसाठी एक बारीक काम निघते. बाहेर जाताना पायांत चप्पल असते, घरात नसते. दोन्ही पाय सारखेच खाली येत असल्यामुळे चाल बिघडत नाही, मात्र चपलेच्या जाडीइतकी कुबडी घरात उंच पडते. जाड तळाची चप्पल वापरणाऱ्याला हा फरक खांद्यात जाणवतो. आम्ही घरातल्या आणि बाहेरच्या भोकापाशी नेलपॉलिशच्या दोन वेगळ्या रंगांच्या खुणा केल्या, म्हणजे घरातले कोणीही उंची बदलून देऊ शकते. ज्यांचा कृत्रिम पाय विशिष्ट उंचीच्या टाचेसाठी जुळवलेला असतो, त्यांनी मात्र बूट काढून चालण्याआधी तंत्रज्ञाला विचारावे. तिथे प्रश्न कुबडीपुरता राहत नाही.

वापराविषयी माझे मत मिश्र आहे. सपाट जमिनीवर ही कुबडी फार चांगली आहे. चाल सरळ होते, कृत्रिम पायावर पूर्ण भार द्यायला धीर येतो, आणि डावा हात मोकळा राहतो. एकच हात उरलेल्या माणसाला तो हात मोकळा मिळणे म्हणजे पिशवी धरता येणे, दार उघडता येणे, लेकराचे बोट धरता येणे. हा एवढा एक लाभ मला तिच्या सगळ्या उणिवांपेक्षा मोठा वाटतो. जिन्यावर ती मध्यम ठरते. चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी कुबडी व कृत्रिम पाय, हा क्रम पाळावा लागतो, आणि कठडा डाव्या बाजूला असेल तरच ते निर्धास्तपणे जमते. एसटीच्या उंच पायऱ्यांवर ती अडचणच करते. तिथे पट्टे सोडून कुबडी सोबतच्या माणसाकडे द्यावी, डाव्या हाताने दांडी धरून चढावे आणि मग कुबडी घ्यावी. बसून उठताना हात बांधलेला असल्यामुळे शरीर एका बाजूला ओढले जाते, म्हणून आधी उभे राहायचे आणि नंतर हात पन्हळीत घालायचा, ही सवय पहिल्यापासून लावावी. रात्री कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर तर या एकट्या कुबडीवर शौचालयापर्यंत जाण्याचा विचारही करू नये. पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काहीही नाही.

साध्या कुबड्या, काठ्या आणि वॉकर कानपूरच्या ॲलिम्को या 1972 साली स्थापन झालेल्या सरकारी उपक्रमात मोठ्या प्रमाणावर बनतात आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेच्या शिबिरांतून पात्र लाभार्थींना दिल्या जातात. त्यासाठी यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र आधीच काढून ठेवावे. लांबच्या चालीला किंवा खडबडीत वाटेवर डाव्या हातासाठी एल्बो कुबडीही लागत असेल आणि ती अशा मार्गाने मिळाली, तर पैसे प्लॅटफॉर्म कुबडीसाठी आणि तिच्या पन्हळीसाठी राखता येतात. साचा घेऊन बदल करण्याच्या कामासाठी, जिथे हाताचे व पायाचे कृत्रिम अवयव एकाच छताखाली बनतात अशी जागा शोधावी. मुंबईत हाजी अलीला 1955 साली सुरू झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे, आणि पुण्यात मुळात सैनिकांसाठी 1944 साली स्थापन झालेले आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. जाताना रुग्णाला त्याच्या कृत्रिम पायासह, रोजच्या चपलांसह आणि विकत घेतलेल्या कुबडीसह न्यावे. नुसती मापे पाठवून पन्हळ करून घेऊ नये.

कोपर शाबूत आहे, कोपराखाली हाताची पुरेशी लांबी उरली आहे आणि कोपर काटकोनापर्यंत वाकते, अशा माणसासाठी ही कुबडी, बदल करून घेण्याच्या अटीवर, मी निःसंकोच सुचवते. हात कोपराच्या वर गेला असेल, किंवा भाजल्यामुळे कोपर आखडून सरळच राहत असेल, तर ती घेऊ नये. कोपर आखडले असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून त्याची हालचाल मिळवावी आणि मगच साचा द्यावा. हातावरची सूज पूर्ण उतरण्याआधी घेतलेला साचाही काही आठवड्यांत सैल होतो. आणि दिसण्यासाठी बसवलेला कृत्रिम पंजा कुबडीच्या मुठीला बांधून त्यावर भार देण्याची सूचना कोणी केली, तर ती मान्य करू नये, कारण तो पंजा शरीराचा भार पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो.